अफेक्ट की इफेक्ट? जोडीने पाठ करूच नका

नववी-दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना माझं लाल पेन टेन्सवर कमी आणि अफेक्ट-इफेक्ट, लूज-लूझ, प्रिन्सिपल-प्रिन्सिपल असल्या जोड्यांवर जास्त चालतं. आमच्या गोव्यातल्या डिचोली भागातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजीत सुरू होतं, सायन्स पण, इतिहास पण, आणि मग ती टीचर काय बोलतात ते ऐकून ऐकून शब्द उचलतात. ऐकून उचललेला शब्द बोलताना बरोबर येतो पण कागदावर उतरवायची वेळ आली की घोटाळा होतो. स्पेलचेकवर तर अजिबात विसंबू नका, दोन्ही स्पेलिंग खरीच आहेत ना, मग चुकीच्या जागी बरोबर शब्द बसला तर मशीन बऱ्याचदा गप्पच बसतं.

तसं आपल्याला हे नवीन नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे पाणी, हे आपण शाळेत केलंय. फरक एवढाच की मराठीत ऱ्हस्व-दीर्घ सांभाळलं की बरंचसं काम होतं, इंग्रजीत मात्र प्रत्येक जोडीची भानगड वेगळी, त्यामुळे एकच नियम सगळीकडे लावता येत नाही.

गाईडमध्ये या जोड्यांचा तक्ता असतो, डावीकडे एक शब्द उजवीकडे दुसरा, आणि मुलं तो तक्ता घोकतात. माझा याला ठाम विरोध आहे. दोन शब्द एकत्र पाठ केले की डोक्यात पण ते एकत्रच राहतात, पेपरात एक आठवला की दुसरा पण समोर येतो आणि कुठला कुठला ते कळत नाही. त्यापेक्षा एकच शब्द धरा, तो ज्या शब्दांच्या सोबतीने येतो त्यांच्यासकट पक्का करा आणि दुसऱ्याला काही दिवस हातच लावू नका.

इफेक्टचंच बघा. साइड इफेक्ट हे तर आजी पण बोलते, गोळीचा साइड इफेक्ट झाला म्हणून. तिथे इफेक्ट हे नाम आहे, परिणाम, आणि स्पेलिंग ई ने सुरू होतं. एवढं घट्ट बसलं की मग अफेक्टकडे या. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हापासून आमच्याकडे मायनिंग अफेक्टेड हा शब्द घराघरात आहे, ट्रकवाले अफेक्टेड, गॅरेजवाले अफेक्टेड. म्हणजे कशाचा तरी फटका बसणं, परिणाम होणं, क्रियापद, आणि सुरुवात ए ने. खाणी बंद झाल्याने आम्ही अफेक्ट झालो, त्याचा इफेक्ट अजून आहे. आमच्या भागातल्या मुलाला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार? इफेक्ट क्रियापद म्हणून पण येतो, घडवून आणणे या अर्थाने, आणि मानसशास्त्रात अफेक्ट हे नाम पण आहे, पण ते दहावीनंतर बघू, आधी रोजचं पक्कं होऊ दे.

स्टेशनरी हा माझा सगळ्यात आवडता शब्द, कारण त्याच्या मागे गोष्ट आहे. जुन्या युरोपात बरेचसे विक्रेते गावोगाव फिरून माल विकायचे, आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाहेरून येऊन संध्याकाळी सगळं आवरून जाणारे असतात ना तसे. पण पुस्तकं विकणारा मात्र एका जागी दुकान मांडून बसायचा, म्हणून त्याला स्टेशनर म्हणायला लागले, एका ठिकाणी स्थिर असलेला. लंडनमधल्या स्टेशनर लोकांच्या कंपनीला 1557 मध्ये राजसनद मिळाली. तेव्हा वह्या-पेनवाली स्टेशनरी आणि स्थिर या अर्थाची स्टेशनरी, दोघींचं मूळ एकच, म्हणून तर इतक्या सारख्या दिसतात. स्पेलिंगसाठी बेकरी आठवा. बेकरची बेकरी तशी स्टेशनरची स्टेशनरी, दोन्हीकडे शेवटी ई आर वाय. थांबलेली गाडी ती ए वाली. ही गोष्ट एकदा सांगितली की मुलं परत विचारत नाहीत.

कॉम्प्लिमेंटची जोडी गोव्यात फार महत्त्वाची आहे कारण अर्धा गोवा हॉटेल आणि गेस्ट हाऊसवर चालतो आणि फुकट ब्रेकफास्टच्या बोर्डावर हा शब्द लागतोच. फुकट दिलेला ब्रेकफास्ट आय वाला, कौतुकाचे दोन शब्द पण आय वाले. ई वाला कॉम्प्लिमेंट म्हणजे पूर्ण करणारा, कम्प्लीटमधला ई त्यात दिसतो. हुमण-शिताला, म्हणजे माशाच्या आमटी-भाताला, सोलकढी पूर्णत्व देते तो हा ई वाला. दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून निघालेत, आणि पोर्तुगीजमध्ये कुंप्रिमेंतुश म्हणजे नमस्कार, शुभेच्छा, तो शब्द आय वाल्याच्याच नात्यातला. ज्यांच्या घरी जुनी पोर्तुगीज पत्रं आहेत त्यांनी शेवटच्या ओळींत हा शब्द जरूर शोधावा.

पोर्तुगीजवरून आठवलं, आपल्याकडे अजून एक घोळ आहे जो महाराष्ट्रात नाही. 1961 च्या आधी शिकलेल्या माणसांच्या तोंडात पोर्तुगीज शब्द बसलेत आणि काही इंग्रजी शब्द त्यांच्यासारखेच दिसतात पण अर्थ निराळा. कोंश्तिपादु म्हणजे सर्दी झालेला, इंग्रजीत तसाच दिसणारा कॉन्स्टिपेटेड ऐकून डॉक्टर पोट साफ होण्याचं औषध देईल! पारेंतिश म्हणजे नातेवाईक, पेरेंट्स म्हणजे फक्त आई-बाप. लिव्हरारिया म्हणजे आज पुस्तकांचं दुकान, लायब्ररी नाही, पण पणजीची आपली सेंट्रल लायब्ररी 1832 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव पुब्लिका लिव्हरारिया होतं, म्हणजे हा शब्द तेव्हा ग्रंथालयासाठी पण चालायचा. मला वाटतं हे सगळं शाळेत सांगितलं पाहिजे, मुलांनी आजोबांकडून चार शब्द विचारून आणले तरी केवढा अभ्यास होईल.

प्रिन्सिपलसाठी मुलांना शाळेत शिकवतात की प्रिन्सिपल तुमचा पॅल म्हणजे मित्र, म्हणून शेवटी पी ए एल. ठीक आहे, पण मग बँकेच्या लोनच्या कागदावरचं प्रिन्सिपल कसं लक्षात ठेवणार, तिथे कुठला मित्र? मुख्य हा अर्थ धरा. मुख्याध्यापक, मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल, मुख्य कारण, सगळे ए एल वाले. तत्त्व असेल तर एल ई.

बॉरो आणि लेंड मात्र स्पेलिंगचा प्रश्न नाही, तो मराठीमुळे होतो. आपण उसनं घेतो आणि उसनं देतो, शब्द एकच, घे-दे वरून दिशा कळते. त्यात रेंट हा इंग्रजी शब्द खरंच दोन्ही बाजूंनी चालतो, बाईक भाड्याने देणारा पण रेंट करतो आणि घेणारा टुरिस्ट पण, त्यामुळे मुलांना वाटतं बॉरो पण तसाच चालेल आणि मग बॉरो मी युवर पेन असं ऐकू येतं. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो, बस.

लूज म्हणजे सैल, दोन ओ, आणि लूझ म्हणजे हरवणं किंवा हरणं, एक ओ. इथे नीट ऐकलं तर उच्चारात पण फरक आहे, सैलवाल्याच्या शेवटी स्पष्ट स येतो, म्हणजे खरं तर लूस, पण आपण लूज पँट, लूज मोशन करून दोन्ही जवळजवळ एक करून टाकलेत.

असाच स आणि झ चा फरक ॲडव्हाइसमध्ये आहे, आणि तो एक समजला की आणखी दोन जोड्या सुटतात. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, नाम, सी ने. ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे, क्रियापद, एस ने. आता प्रॅक्टिस आणि लायसन्समध्ये कानाला काहीच फरक कळत नाही, पण ब्रिटिश पद्धतीत हिशोब तोच, नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. म्हणूनच 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सी ने लिहिलंय. अमेरिकन लोक लायसन्स दोन्हीकडे एस ने लिहितात आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे सी ने, आणि आपल्या मोबाईलची भाषा बऱ्याचदा अमेरिकन इंग्लिशवर असते म्हणून बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली उगाच लाल रेघ येते आणि मूल घाबरून ते खोडतं. सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड इंग्लिश यूके करून द्या, निदान प्रोजेक्ट टाइप करताना तरी.