रावेरच्याच अक्षांशावरचा समुद्र

मावसभाऊ जळगावला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतोय. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं विचारलं, "ताई, आपल्याकडे तर समुद्रच नाही. मग समुद्रशास्त्राला आपल्याला कोण घेईल?" खानदेशातल्या बऱ्याच मुलामुलींच्या मनात हेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घेतात. इथे अमेरिकेत, हवाई बेटांवरच्या होनोलुलूत माझ्याबरोबर शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पदवीला समुद्रशास्त्र केलंय. कुणी गणितातून आलंय, कुणी भौतिकशास्त्रातून, कुणी मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून. प्राध्यापक आधी गणित बघतात: कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर्स. हवा काय नि पाणी काय, दोन्ही वाहतात, आणि त्यांच्या गतीची समीकरणं म्हणजे फिरत्या पृथ्वीवर मांडलेला न्यूटनचा दुसरा नियम. त्यातला कोरिऑलिस परिणाम अक्षांशावर ठरतो. आपलं जळगाव जिल्ह्यातलं रावेर २१.२ अंश उत्तरेला, होनोलुलू २१.३. म्हणजे वाऱ्याला वळवणारा हा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखाच. डोक्यावरचा सूर्यही तोच. तरी मे महिन्यात भुसावळ ४५ अंशांवर तापतं आणि इथे पारा जेमतेम तिशीच्या आसपास असतो. समुद्र उष्णता पोटात घेतो, खोलवर मिसळतो आणि सावकाश सोडतो, वर व्यापारी वारे वाहतच असतात. आपल्याकडची कोरडी जमीन सकाळी तापायला लागते ती वरच्यावरच तापत जाते. हा फरक कागदावर समीकरणांनी मांडता आला, की तुमची निम्मी तयारी झाली.

रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकलही उरकून टाकू नका. होनोलुलू ज्या ओआहू बेटावर आहे, त्याच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर 'स्टेशन अलोहा' नावाची जागा आहे. १९८८ पासून साधारण दर महिन्याला जहाज तिथे जाऊन मोजमाप करतं. खोली पावणेपाच हजार मीटरच्या आसपास. लोखंडी चौकटीत गोलाकार बसवलेल्या बाटल्या तोंडं उघडी ठेवून खाली सोडतात आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बंद करतात. चौकट डेकवर आली की ऑक्सिजनचा नमुना अगदी सुरुवातीलाच घ्यायचा. नळी काचेच्या कुपीच्या तळापर्यंत घालायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी भरपूर ओसंडू द्यायचं, मग दोन रसायनं घालून बूच लावायचं आणि कुपी हलवायची. तपकिरी साका तयार होतो. ही विंक्लर पद्धत. कॉलेजात तापीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आम्ही याच पद्धतीनं मोजला होता. जहाज डोलत असताना हात ठरलेल्या क्रमानं चालले, ते त्या प्रॅक्टिकलमुळे.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र आजच शिकायला सुरू करा. हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची आकडेवारी, अक्षांश-रेखांशाच्या पाव-पाव अंशाच्या चौकटीत, फुकट उतरवून घेता येते. युरोपीय हवामान केंद्राचा 'ईआरए५' हा वारा, ओलावा, तापमान यांच्या तासातासाच्या आकड्यांचा संच १९४० पासूनचा आहे. रावेर-यावलची केळी आडवी करणारी वादळं आपल्याला नवी नाहीत. त्यातला एखादा दिवस घ्या आणि आदल्या दिवसापासून वारा नि ओलावा कसा बदलत गेला, याचा आलेख काढा. मला विचाराल तर कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा तो आलेख जास्त बोलतो.

तीन वर्षांची पदवी इथली काही विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत, म्हणून आधी एम.एस्सी. करणं बरं. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्र आहे, कोचीनच्या विद्यापीठात समुद्रशास्त्र आणि हवामानशास्त्र दोन्ही. पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथे प्रकल्प मिळतो का, ते जरूर बघा. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिपही आहे.

पैशांची धास्ती घरच्यांना असते. संशोधन किंवा अध्यापन साहाय्यक म्हणून घेतलं, तर बहुतेक वेळा फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. बऱ्याच विभागांनी जीआरई या प्रवेशपरीक्षेची अटही काढलीय. अर्जाची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते, त्यामुळे प्राध्यापकांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ईमेल करा. चार-पाच ओळी पुरेत, सोबत तो आलेख जोडा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा. इकडे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.