बी सेल नसले तर व्हायरसचं काय?

माझ्या भाच्याला एक्सएलए आहे, म्हंजे जन्मापासून बी सेल (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) नाहीतच, त्यामुळे अँटीबॉडी बनतच नाहीत. १९५२ मध्ये ब्रूटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हा आजार पहिल्यांदा मांडला आणि ज्याच्यातल्या बिघाडाने तो होतो तो बीटीके जीन १९९३ ला सापडला. दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी (म्हंजे दात्यांच्या रक्तातल्या तयार अँटीबॉडी) शिरेतून चढवावं लागतं, खर्च विचारूच नका.

आता लोकांना वाटतं की अशा मुलांना साधी सर्दी पण जीवघेणी, पण तसं नाहीये, बऱ्याच व्हायरसशी टी सेल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लढतात आणि ते याच्याकडे ठणठणीत आहेत. खरा त्रास बॅक्टेरियाचा, कान वाहणं, न्यूमोनिया वगैरे. पण एक घराणं मात्र डेंजर, एंटरोव्हायरस! पोलिओ, एको, कॉक्सॅकी हे सगळे त्यातलेच. हे आतड्यातून रक्तात उतरतात आणि तिथे त्यांना अडवायचं काम मुख्यतः अँटीबॉडीचं, ती नसली की मेंदूपर्यंत जाऊन महिनोन् महिने ठाण मांडून बसू शकतात.

म्हणूनच पोलिओचे थेंब याला बंद, घरातल्या बाकी पोरांनाही नाही, त्यांना इंजेक्शनवालीच लस. थेंबातला व्हायरस जिवंत असतो ना, अशा पेशंटच्या आतड्यात तो वर्षानुवर्षं राहून बदलत जातो, इंग्लंडमध्ये एका माणसाच्या शौचातून तब्बल २८ वर्षं निघत होता!! पल्स पोलिओवाल्या ताई दारात आल्या की आजी आधी हेच पुराण लावते, त्या बिचाऱ्या ऐकून घेतात.