दयाळाच्या नावात दया नाही

दयाळ या पक्ष्याच्या नावात दया शोधायला जाऊ नये. मार्च ते जुलै या विणीच्या काळात नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला पाय ठेवू देत नाही. पिसं फुलवून, चोच वर करून, शेपटी पसरून तो त्याच्यासमोर तोऱ्यात मिरवतो. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही तुटून पडतो. बंगालीत तो दोयेल, हिंदीत दहियर. तिन्ही नावं एकाच घरातली वाटतात. 'दयाळू' हा अर्थ आपल्या मराठी कानाने मागाहून चिकटवला असावा.

अर्थ चिकटवण्यात इंग्रजही मागे नव्हते. दोयेलचं त्यांच्याकडे 'डायल बर्ड' झालं, आणि डायल म्हटलं की सूर्यघड्याळ आलंच. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याला 'सौलारिस' म्हटलं. त्याला सूर्याचा 'सोलारिस' लिहायचा होता, हात चुकला, असा तर्क पक्षीशास्त्रज्ञ जेर्डनने लढवला. तर्क झकास, पण ब्लाइथ या दुसऱ्या पक्षीशास्त्रज्ञाने तो खोडला. मद्रासच्या एडवर्ड बल्कली या शल्यवैद्याने हा पक्षी विलायतेला पाठवला, तेव्हा सोबत 'सौलारी' हे इथलंच नाव कळवलं होतं. निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे याच्या 1713 च्या ग्रंथात ते छापलेलं आहे. म्हणजे लिनियसचं स्पेलिंग बरोबरच होतं. सौलारी म्हणजे शंभर गाणी, असं ब्लाइथ सांगतो. त्यातला 'सौ' पटतो, 'लारी' जरा ओढूनताणून वाटते. गाणाऱ्याला मात्र नाव शोभतं: उंच शेंड्यावर बसून तो शीळ बदलत राहतो, मधेच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कलही करतो. वीण संपली की उरते नुसती खरखर.

इंग्रजीतलं आजचं 'मॅगपाय रॉबिन' तर उसनवारीच. हा ना मॅगपाय ना रॉबिन, कूळ माशीमारांचं. शास्त्रीय नावातलं 'कॉप्सिकस' हे वंशाचं (जीनसचं) नावही काळ्या कस्तुर पक्ष्याच्या ग्रीक नावावरून घेतलेलं.

नवख्यांची गल्लत होते ती चिरक या पक्ष्याशी. पोट बघावं. दयाळ नराचं पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, शेपटीच्या कडा पांढऱ्या. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. चिरक नराचं पोट काळं, शेपटीखाली तांबूस, आणि खांद्यावरचा पांढरा ठिपका उडताना नीट दिसतो. जुन्या पुस्तकांत चिरक 'सॅक्सिकोलॉइडिस' वंशात सापडेल. आता तोही कॉप्सिकसच.