एक भाडेकरू गेला, दुसरा येईपर्यंत

पुण्यात परगावच्या मालकांचे फ्लॅट सांभाळताना माझं खरं काम दोन भाडेकरूंच्या मधल्या आठवड्यात असतं. घर मोकळं असतं, त्यामुळे बिघडलेलं दिसतं आणि दुरुस्तही होतं. एकदा सामान लागलं की कपाट सरकवून प्लंबरला जागा करून द्यायला कुणीच तयार नसतं. ‘आठवड्याचं भाडं बुडतंय’ म्हणणाऱ्या मालकांना मी आधीच सांगून ठेवते, तेवढे दिवस धरूनच चला.

पाहणी मी घर सोडायच्या दिवशी ठेवत नाही, दोन-तीन दिवस आधी ठेवते. भाडेकरू हजर हवा आणि उजेड हवा. ट्रक दारात उभा असताना कुणी नीट बोलत नाही. जुने फोटो समोर ठेवून एकेक खोली बघायची. रंग फिका पडणं, नळाचा वॉशर झिजणं ही वापराची झीज, ती मालकाची. टाइलला पाडलेलं भोक किंवा फुटलेलं बेसिन भाडेकरूचं. शेवटच्या दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्यायचा. महावितरणचं बिल मागाहून येतं, तेवढी रक्कम डिपॉझिटमधून राखून ठेवावी लागते.

घर ताब्यात आलं की पहिल्यांदा पाणी. खालच्या मजल्यावरून ‘आमच्या छताला ओल आलीय’ अशी तक्रार असेल, तर फरशी फोडायच्या आधी एवढं बघायचं: घर बंद, नळ बंद, तरी गळती चालूच असेल तर भिंतीतली पुरवठ्याची लाइन गेलेली असते. मेन कॉक बंद केल्यावर ती हळूहळू थांबली की खात्रीच. फक्त अंघोळीच्या वेळी गळत असेल तर नहाणीचा ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, सांडपाणी वाहून नेणारा भाग) किंवा टाइलच्या सांधी. त्यासाठी नहाणीत वाळूच्या पिशवीचा बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये दीड-दोन इंच पाणी २४ तास तुंबवते आणि खालच्या छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून ठेवते. ओल रेघेबाहेर सरकली तर दोष फरशीत. सरकली नाही, तर बोळा काढून पाणी सोडायचं आणि ट्रॅपच्या जोडाकडे लक्ष ठेवायचं. सांधी भरायच्या तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढायचं, बाथरूम पूर्ण वाळू द्यायचं, मगच एपॉक्सी ग्राउट. ओल्या सांधीत तो धरत नाही. गवंडी घाई करतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार पुन्हा येते.

फ्लशची गळती कानाला कळत नाही. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला की आतला वॉशर बदलायचा. स्वस्तातलं काम आहे, पण न केल्यास दिवसरात्र पाणी वाहत राहतं.

गिझर बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर असेल तर दरवर्षी उघडायलाच हवा. क्षारांचा पांढरा थर एलिमेंटवर चढतो, उष्णता पाण्यात उतरत नाही आणि एलिमेंट तापून जळतो. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. तो अर्ध्याहून बारीक झाला की बदलते. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट हवा, आणि त्याच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसला की तो लगेच बदलायचा. डाग म्हणजे आतली पकड सैल झाली. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. मात्र त्यावरून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका, ते वायरमनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं.

रंग सगळ्यात शेवटी. भिंतीत ओल असताना पुट्टी मारली की ती फुगते आणि पोपडे सुटतात. मालकाला वाटतं, रंगारी वाईट होता.

कागदपत्रांत लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. महिना २०,००० भाडं, ११ महिने आणि परत करायचं डिपॉझिट ६०,००० असेल, तर भाड्याचे २,२०,००० अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज ५,५००. या बेरजेवर साधारण ५६४ रुपये येतात. एवढ्यासाठी नोंदणी चुकवणारे मालक मला खरंच समजत नाहीत. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची, एक प्रत सोसायटीला द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि हिशेबात महापालिकेचा कर धरायचा नसतो. बिल एकदा तपासाच.

सामानाची यादी करारालाच जोडते. त्यात नुसतं ‘गिझर १’ असं लिहीत नाही. कंपनी, लिटर, अनुक्रमांक आणि अ‍ॅनोड रॉड कधी बदलला तेही येतं. नव्या भाडेकरूला पंधरा दिवस देते, त्यात जे खटकेल ते फोटोसकट कळवायचं आणि मी ते यादीत चढवते. किल्ल्या देण्याआधी मुख्य दाराच्या लॅचचा सिलिंडर बदललेला असतो.