पेटीत अडकलेली कुस्ती

आमच्या टोकियोतल्या घरात टीव्हीखाली एक चपटी काळी पेटी पडून आहे. बटण दाबलं की ती चालू होते, घड्याळ दाखवते, ट्रेसुद्धा बाहेर काढते. फक्त तिच्या पोटातली हार्ड डिस्क मेली आहे. दर दिवाळीच्या साफसफाईला बायको विचारते, "हे धूड कधी टाकणार?" टाकणंही सोपं नाही. इथे फूटभराहून मोठी वस्तू म्हणजे 'सोदाई गोमी', मोठा कचरा. आधी नोंदणी करायची, दुकानातून पैसे भरून स्टिकर आणायचा, तो चिकटवायचा आणि ठरलेल्या दिवशी सकाळी पेटी खाली नेऊन ठेवायची. आमची पेटी ४३ सेंटीमीटरची आहे.

ही पेटी म्हणजे हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर. आपल्याकडे लोक व्हीसीआरवरून सीडीवर आणि तिथून पेनड्राइव्हवर गेले, ही पायरी बहुतेक घरांत आलीच नाही. जपानमध्ये मात्र तोशिबाने २००१ साली असं पहिलं मशीन काढलं आणि पुढच्या काही वर्षांत ते घरोघरी झालं. कार्यक्रम आधी हार्ड डिस्कवर उतरवायचा, बघून झाला की पुसायचा, फारच आवडला तर डीव्हीडीवर काढून ठेवायचा.

मी २००७ साली निशी-कासाईला राहायला आलो. टोकियोतली निम्मी भारतीय मंडळी याच भागात राहतात असं आम्ही गमतीने म्हणतो. पहिला रेकॉर्डर एका मायदेशी परतणाऱ्या कुटुंबाच्या 'सायोनारा सेल'मध्ये मिळाला. कुठलं मशीन घ्यावं यावर ऑफिसात चहाच्या वेळी अक्षरशः गट पडायचे. तोशिबावाले म्हणजे संपादनाचे वेडे: जाहिराती कापून, तुकडे जोडून, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून घरच्या मशीनला रेकॉर्डिंग लावणारे. पॅनासॉनिकवाल्यांचं एकच म्हणणं, "आमच्या सासूबाईंना चालवता येतं." सोनीवाल्यांना मशीन स्वतःच आवडीचे कार्यक्रम शोधून रेकॉर्ड करतं याचं कौतुक; मग डिस्क नको त्या कार्यक्रमांनी भरते ही तक्रारही त्यांचीच. आणि सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर: मध्यरात्री मशीन आपोआप जागं होतं, कार्यक्रमांचं वेळापत्रक उतरवून घेतं आणि पंखा घरघरायला लागतो. सहा ताटामीच्या, म्हणजे सहा गवती चटया मावतील एवढ्या खोलीत, टीव्हीपासून चार हातांवर गादी घालून झोपणाऱ्याला तो आवाज बरोबर ऐकू येतो.

मला रेकॉर्डर लागायचा सुमोसाठी. वर्षातून सहा स्पर्धा, प्रत्येकी पंधरा दिवस, आणि मोठ्यांच्या कुस्त्या संध्याकाळी सहाला संपतात. सहाला कोण ऑफिसातून सुटतं? मी कोल्हापूरचा. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी तालमीत मेहनत केलेले, खासबागेतलं मैदान कधी न चुकवणारे. सुमोची डीव्हीडी बनवून मी त्यांना टपालाने पाठवायचो. ती तिथल्या स्वस्तातल्या प्लेअरवर झकास चालायची. आबांची शंका एकच: "वरच्या कोपऱ्यात ती अक्षरं कसली रं?" तिथे जपानीत 'ॲनालॉग' लिहिलेलं असायचं. जुनं प्रक्षेपण बंद होणार म्हणून शेवटची दोनेक वर्षं सरकार प्रत्येक प्रेक्षकाला असं टोचत होतं. २४ जुलै २०११ च्या दुपारी ते खरंच बंद झालं.

त्याआधीच, २०१० मध्ये, मी नवं कोरं डिजिटल मशीन घेतलं. चित्र असं की पहिलवानाच्या पाठीवरचा घाम मोजावा. त्या वर्षी मंगोलियाचा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पहिलवान, हाकुहो हरतच नव्हता. ६३ कुस्त्या सलग जिंकला. फुताबायामाचा ६९ चा जुना विक्रम जेमतेम सहा कुस्त्यांवर. १५ नोव्हेंबरला, सोमवारी, फुकुओकाच्या स्पर्धेत किसेनोसातोने त्याला रिंगणाबाहेर रेटलं. मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो. रात्री घरी येऊन ती कुस्ती चार वेळा पाहिली, डीव्हीडीवर काढली आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला रवाना केली.

दोन आठवड्यांनी फोन. "काय बी दिसंना. नो डिस्क म्हणतंय."

मग कुठे नियम वाचले. डिजिटल प्रक्षेपणावर २००४ पासून कुलूप होतं: एकदाच उतरवा, हार्ड डिस्कवरून डीव्हीडीवर नेलं की हार्ड डिस्कवरचं पुसलं जाणार. लोकांनी फार आरडाओरडा केल्यावर २००८ मध्ये 'डबिंग टेन' आलं, म्हणजे नऊ प्रती काढा, दहाव्यांदा मात्र मूळच हलेल. डीव्हीडीही साधी चालत नाही, 'सीपीआरएम' लिहिलेली खास घ्यावी लागते, आणि ते कुलूप ओळखणाऱ्या प्लेअरमध्येच ती लागते. कोल्हापूरच्या प्लेअरने सीपीआरएमचं नावही ऐकलेलं नव्हतं. दुप्पट पैसे देऊन घेतलेलं मशीन आबांच्या दृष्टीने जुन्यापेक्षा बिनकामाचं निघालं.

२०१२ च्या वसंतात आबा-आई आले तेव्हा ती कुस्ती पेटीतूनच लावली. मी सवयीने तीस सेकंद पुढे पळवायचं बटण दाबत होतो, कारण झुंज काही सेकंदांची आणि आधी मीठ उधळणं, मांडीवर थाप, डोळ्याला डोळा, हे चार मिनिटं. आबांनी रिमोट काढून घेतला. "खडाखडी का पळवतोस? खरी कुस्ती तिथंच सुरू हुतीया." मग सगळं सावकाश बघितलं. संपल्यावर म्हणाले, "माती असती तर अजून बरं झालं असतं." दोह्यो, म्हणजे सुमोचा आखाडा, मातीचाच असतो हे त्यांना पटवायला मला वीस मिनिटं लागली.

जानेवारी २०१७ मध्ये तोच किसेनोसातो योकोझुना झाला, तब्बल १९ वर्षांनी जपानमध्ये जन्मलेला. आबांचा फोन आला, "ती कुस्ती लाव की एकदा, मी फोनवर ऐकतो." पेटी चालू केली. आतून टक-टक आवाज, आणि पडद्यावर हार्ड डिस्क फॉरमॅट करायची सूचना. दुरुस्तीवाला घरी आला, गुडघ्यांवर बसला, अत्यंत अदबीने माफी मागत म्हणाला, डिस्क बदलून देतो, आतलं काही वाचणार नाही. जुनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते का, असं विचारलं. नाही, म्हणाला, रेकॉर्डिंग या मशीनच्या किल्लीनेच उघडतं. अगदी त्याच कंपनीचं दुसरं मशीन आणलं तरी नाही. सहा वर्षांच्या स्पर्धा, बायको जिच्यावर जपानी शिकली ती सकाळची पंधरा मिनिटांची मालिका, मुलाला आवडणारे रेल्वेचे कार्यक्रम, सगळं त्या टक-टकीत गेलं. आज कोणी रेकॉर्डरबद्दल मत विचारलं तर मी चित्राबद्दल बोलतच नाही. जे ठेवायचंय ते त्याच आठवड्यात डिस्कवर काढा, एवढंच सांगतो.

त्या दिवाळीत घरी गेलो होतो. शोकेसच्या खालच्या कप्प्यात आबांच्या जुन्या डीव्हीड्या होत्या, त्यात ती एक. कव्हरवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात, बॉलपेनने: 'चालत नाही'. बॅगेत टाकून आणली. सीपीआरएमचं कुलूप मशीनला नाही, त्या चकतीलाच बांधलेलं असतं. माझ्या नव्या ब्ल्यू-रे रेकॉर्डरने ती घेतली, जरा घरघरला, आणि हाकुहोने मीठ उचललं.

आबांना व्हिडिओ कॉल लावला, फोन टीव्हीसमोर धरला. चार मिनिटं हात तसाच ठेवला, पळवलं नाही.