लिंक्डइनवरून भोसरीच्या वर्कशॉपला काम कसं मिळालं: माझा अनुभव

२०२२च्या दिवाळीनंतर आमच्याकडचं काम एकदम आटलं. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), एक सरफेस ग्राइंडर (पृष्ठभाग घासून सपाट करणारं मशीन), दोन मिलिंग मशीन आणि सहा माणसं. आम्ही गेज आणि चेकिंग फिक्स्चर बनवतो, म्हणजे तयार पार्टचं माप तपासायची साधनं आणि तो पार्ट बसवून तपासायचे सांगाडे. बाबांनी १९९६ साली शटर उघडलं तेव्हापासून निम्म्याहून जास्त काम एकाच ग्राहकाकडून यायचं. ज्या पार्टसाठी आम्ही काम करायचो तो त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवला आणि आमचं ग्राइंडर आठवड्यातले तीन दिवस झाकून ठेवायची वेळ आली.

बाबांचं म्हणणं, काम चोख असलं की माणसं विचारत येतात. त्यांच्या काळी ते खरंच होतं. पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममधली मंडळी एकमेकांना ओळखायची, एकानं दुसऱ्याला नाव सांगितलं की भागायचं. ती मंडळी आता निवृत्त झाली. त्यांच्या खुर्चीवर बसलेली तिशीतली मुलं-मुली चाकण, तळेगाव, रांजणगावला आहेत आणि त्यांनी आमचं नावही ऐकलेलं नाही. ही सगळी लिंक्डइनवर भेटतील, असं पॉलिटेक्निकमधल्या मैत्रिणीनं सांगितलं.

पहिले चार महिने वाया गेले. मी कंपनीचं पेज काढलं, लोगो लावला, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा टाकल्या. पर्चेस मॅनेजर शोधून प्रत्येकाला एकच मजकूर पाठवला: आम्ही अमुक बनवतो, एकदा संधी द्या. उत्तर कुणाचंच आलं नाही. आज मला तसे मेसेज येतात तेव्हा कळतं, मीही ते शेवटपर्यंत वाचत नाही.

मग मैत्रिणीनं माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवर काम करायला लावलं. लोक पेजशी बोलत नाहीत, माणसाशी बोलतात, हे तिचं म्हणणं मला पुढे पुरतं पटलं. नावाखालच्या ओळीत मी ‘प्रोप्रायटर’ एवढंच लिहिलं होतं. त्या ओळीला २२० अक्षरांची जागा मिळते. तिथे आता काय बनवतो आणि कुठे बनवतो ते लिहिलं: पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या पार्टसाठी चेकिंग फिक्स्चर, भोसरी. ‘चेकिंग फिक्स्चर पुणे’ असं शोधणाऱ्याला हेच शब्द सापडायला हवेत. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थी कंपनी आणि कामाप्रमाणे गाळून पाहता येतात. त्यातून आमच्या पॉलिटेक्निकची क्वालिटीत काम करणारी ३० जणं सापडली. त्यांना मी काम मागितलं नाही. कोणत्या बॅचची, कुठल्या सरांची विद्यार्थिनी, एवढंच लिहिलं. निम्म्यांनी त्याच आठवड्यात उत्तर दिलं.

खरा फरक पडला तो लिहिण्यामुळे. गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, त्या दिवशी मी एक पोस्ट लिहायला लागले. पहिली चांगली पोस्ट पार्ट फिक्स्चरवर बसवण्याच्या ३-२-१ नियमाची. मोकळा पार्ट सहा तऱ्हांनी हलतो: तीन दिशांना सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो. एका पातळीवर तीन टेकू, दुसऱ्या बाजूला दोन, तिसऱ्या बाजूला एक दिला की तो जागेवर बसतो. हे सगळ्यांनी शिकलेलं असतं. पण पत्र्याच्या पार्टला चौथा टेकू देऊन वरून क्लॅम्प दाबला, तर वाकडा पार्टही सरळ होतो. फिक्स्चरवर तो ओके दिसतो आणि असेंब्लीला फट राहते. क्लॅम्प कोणता आधी लावायचा हा क्रम बदलला तरी रीडिंग बदलतं. आमचे जुने फिटर काका हे पंचवीस वर्षं सांगत आलेत. मी त्यांचंच बोलणं सोप्या इंग्रजीत उतरवलं आणि खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या.

त्यावर चाकणच्या एका क्वालिटी इंजिनिअरनं विचारलं, तुमच्या फिक्स्चरचा गेज आर अँड आर किती येतो? म्हणजे तोच पार्ट पुन्हा पुन्हा किंवा वेगवेगळ्या माणसांनी मोजला तर मोजण्यामुळेच किती टक्के फरक पडतो. दहा टक्क्यांच्या आत चांगला, तीसच्या वर नापास, मधला असेल तर कामाप्रमाणे ठरवायचं. मी आमचा एक जुना रिपोर्ट ग्राहकाचं नाव काढून पाठवला, त्यात १४ टक्के होते. १४ का आले आणि पिन बदलून ते कसे कमी केले, तेही लिहिलं. तीन आठवड्यांनी त्याच प्लांटमधून ड्रॉइंग आलं. पर्चेसनं आम्हाला बोलावलं ते त्यानंतर. कामाची अडचण ज्याला रोज भोगावी लागते तो आधी शोधत येतो, हे मला तेव्हा समजलं. व्हेंडर कोड, म्हणजे अधिकृत पुरवठादार म्हणून नोंदणी, मिळायला मात्र पुढे पाच महिने लागले: ऑडिट, मशीनची यादी, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, ट्रायल.

एक चूक इथे सांगायलाच हवी. तयार फिक्स्चरचा फोटो मी उत्साहानं टाकला, त्यावर पार्ट नंबर कोरलेला होता. अर्ध्या तासात ग्राहकाचा फोन आला. गोपनीयतेच्या करारावर माझीच सही होती. फोटो काढला, माफी मागितली, त्यांनी सांभाळून घेतलं. तेव्हापासून फोटोसाठी आम्ही स्वतःच एक पत्र्याचा वाकवलेला तुकडा आणि त्याचं फिक्स्चर बनवून ठेवलंय. पाहुणे आले की तोच हातात देतो.

पैशाचंही थोडं. माझ्या प्रोफाइलवर उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) उल्लेख आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४पासून आयकराचं ४३बी(एच) कलम लागू झालं. आता मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. त्यामुळे नव्या ग्राहकाच्या अकाउंट्सकडून उद्यम सर्टिफिकेट आपणहून मागितलं जातं. मी ते कोटेशनसोबतच पाठवते.

आज पाच ग्राहक आहेत, त्यातले तीन लिंक्डइनवरून आलेले. ग्राइंडर रोज चालतं. सुरुवातीला नाक मुरडणारे बाबा आता पुढच्या गुरुवारचा विषय सुचवतात. परवाचा विषय त्यांचाच होता. मापाचं प्रमाण तापमान २० अंश, आणि एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये ३५च्या वर. पार्ट पोलादाचा आणि फिक्स्चरचा बेस ॲल्युमिनियमचा असेल, तर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. अर्ध्या मीटरला १५ अंशांत ८०-९० मायक्रॉनचा फरक. मी लिहून त्यांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं आणि म्हणाले, मोजण्याआधी पार्ट आणि फिक्स्चर किती वेळ एकाच खोलीत ठेवायचे, ते राहिलंय. तेही लिही.