लेबल वाचायला शिकले, त्याची गोष्ट

इंदूरला विजयनगरच्या एका हॉटेलात मी वाइन सर्व्ह करते. "बाटलीवर रिझर्व लिहिलंय म्हणजे जुनी असणार ना?" हा प्रश्न गिऱ्हाईक हमखास विचारतं. खात्रीनं उत्तर देता यावं म्हणून डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या लेव्हल टू परीक्षेला बसले. वर्ग मुंबईत, त्यामुळे रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस पकडायची आणि परत आलं की थेट ड्यूटी.

परीक्षा एक तासाची, 50 बहुपर्यायी प्रश्न, पास व्हायला 55 टक्के. चाखायचा पेपर या लेव्हलला नसतो, पाठांतर मात्र भरपूर. रिकाम्या बाटल्या घरी आणायच्या, कोमट पाण्यात भिजवून लेबलं अलगद सोडवायची आणि वहीत चिकटवायची, असा माझा अभ्यास. रामबागेतल्या घरात बाटल्या आलेल्या आईला खपत नव्हतं. पुढे तीच वही हातात धरून माझी उजळणी घेऊ लागली.

सगळ्यात छळलं ते शाब्ली या फ्रेंच व्हाइट वाइननं. लेबलावर गावाचं नाव, द्राक्षाचं बहुतेकदा नाहीच. फ्रेंच नियमांनुसार तिथे फक्त शार्डोने चालतं, तेव्हा ते वेगळं सांगायची त्यांना गरज वाटत नाही. इंदूरच्या माणसानं हे ओळखायचं कसं? एकाच द्राक्षाचं नाव छापलं असेल तर युरोपात ते किमान 85 टक्के असावं लागतं, अमेरिकेत साधारण 75.

आणि रिझर्व? स्पेनच्या रिओहात रेड वाइनवर 'रेझेर्वा' लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र 'रिझर्व'ची व्याख्याच नाही. त्या एका शब्दापायी जास्त पैसे मोजणाऱ्याची ही सरळ फसगत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमात बसली म्हणून वाइन उत्तमच, असंही नाही. इटलीची सासिकाया काबर्ने द्राक्षांची. तिथल्या जुन्या नियमांत ती बसेना, म्हणून कित्येक वर्षं सर्वांत खालच्या 'टेबल वाइन' दर्जाखाली विकली गेली आणि तरीही जगभर नावाजली गेली. कायद्यानं 1994 मध्ये तिच्यासाठी जागा केली.

पास झाल्यावर मॅनेजरांच्या मागे लागून मेनूकार्ड बदलून घेतलं. आता शाब्लीखाली शार्डोने लिहिलेलं असतं. रिझर्वबद्दल कोणी विचारलं, की मी बाटली फिरवून मागचं लेबल त्यांच्यासमोर वाचते. मुरवल्याचा काळ तिथे नसेल तर तसं सांगते.